इंजिन थंड असू द्या

जुनी गाडी पाहायला निघण्याआधी विकणाऱ्याला फोन करून मी एकच विनंती करतो. "आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका, इंजिन थंड असू द्या." समोरचा माणूस बहुतेक वेळा हो म्हणतो. तिथे पोचलो की मी आधी बोनेटवर तळहात ठेवतो आणि मग नमस्कार करतो. तळहाताला ऊब लागली की मन सावध होतं. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी झाकून ठेवतं. रात्रभर उभ्या गाडीत व्हॉल्व्हच्या म्हाताऱ्या सीलमधून तेल खाली झिरपतं आणि सकाळी पहिल्या सेल्फला निळ्या धुराचा एक लोट निघतो. दहा मिनिटं गाडी चालली की तो दिसेनासा होतो. ढिला झालेला पिस्टन थंडीत खटखटतो, तापला की फुगून गप्प बसतो. पहाटेच्या त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात गाडी जेवढं खरं बोलते तेवढं नंतर दिवसभर बोलत नाही.

ऐकायची सवय मला भिलाईच्या पोलाद कारखान्याने लावली. माझे वडील साकोलीजवळच्या खेड्यातून १९५८ साली भिलाईला आले, तेव्हा कारखाना अजून उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या धमनभट्टीचं उद्घाटन झालं, त्या गर्दीत ते होते. पुढे मीही त्याच गेटातून आत गेलो आणि रेल मिलच्या मेकॅनिकल मेंटेनन्समध्ये चौतीस वर्षं काढली. आमच्याकडे बेअरिंग तपासायचं पहिलं हत्यार म्हणजे हातभर लांबीची लोखंडी सळई. एक टोक गिअरबॉक्सच्या अंगावर, दुसरं कानाच्या हाडाला. चांगलं बेअरिंग वाहत्या पाण्यासारखं सळसळतं. बिघडू लागलं की त्यात वाळू पडल्यासारखा आवाज येतो, मग खडे आणि शेवटी दगड. दगड ऐकू यायच्या आत मिल थांबवून ते बदलायचं, हे आमचं काम.

आता राहतो मरोदा सेक्टरात. मैत्री बाग इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि दल्ली-राजहराच्या खाणीतून लोहदगड घेऊन येणाऱ्या मालगाड्यांचा आवाज रात्री घरात येतो. निवृत्तीनंतर एकाने गाडी दाखवायला नेलं, मग दुसऱ्याने. गेल्या काही वर्षांत येणारी मुलं वेगळी आहेत. त्यांना घरच्यांसाठीची गाडी नको असते. पुण्या-हैदराबादला नोकरी करून चार पैसे साठवलेले असतात आणि शाळेच्या वयात पोस्टरवर पाहिलेली एखादी वेगवान गाडी मनात घर करून बसलेली असते. ती गाडी आज वीस वर्षांची झाली आहे आणि एखाद्या बऱ्या मोटरसायकलच्या भावात मिळते. हे कळलं की त्यांना रात्री झोप येत नाही.

त्यांना मी पहिल्यांदा जे सांगतो ते ऐकायला कोणाला आवडत नाही. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना वीस लाखांची असलेली गाडी आज दोन लाखांत मिळेल, पण तिची क्लचप्लेट, तिचा टर्बो, तिचे ब्रेक अजून वीस लाखांच्या गाडीचेच आहेत, आणि मिळाले तर मिळतात. म्हणून जेवढ्याची गाडी, निदान त्याच्या निम्मे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेव, नाहीतर घेऊ नकोस. यावर काही जण परत येत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही.

गेल्या वर्षी माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा आला. नागपूरला एक गाडी होती, २००४ सालची, अठराशे सीसी, टर्बो पेट्रोल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या गाडीत जे सापडलं ते वीस वर्षं वयाच्या कोणत्याही वेगवान गाडीत सापडलं असतं. मीटरवर फक्त बासष्ट हजार किलोमीटर. मुलगा हरखून गेला होता. "काका, गाडी चाललेलीच नाही, नवीच समजा." त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत आम्ही सकाळी साडेनऊला पोचलो. बोनेटवर हात ठेवला तर गरम. मुलाकडे पाहिलं, त्याचा चेहरा उतरला. मी ठरवून टाकलं की विकणारा काहीतरी लपवतो आहे, आणि जरा कडक आवाजात म्हणालो, "काका, फोनवर सांगितलं होतं ना?"

ते गृहस्थ ऐंशीच्या घरातले. गोंधळले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही एवढ्या दुरून येणार, गाडी सुरू झाली नाही तर कसं दिसेल? म्हणून सकाळी एकदा चालू करून पाहिली." गाडी त्यांच्या मुलाची. मुलगा परदेशी गेला आणि तिथेच राहिला. तेव्हापासून दर रविवारी पूजा झाली की वडील गाडीवरचं कापड काढायचे, दहा मिनिटं इंजिन चालवायचे, पुसायचे, पुन्हा झाकायचे. आठ वर्षांत एकही रविवार चुकला नाही, आजारपण सोडून. हे ते अभिमानाने सांगत होते आणि माझ्या पोटात तुटत होतं, कारण या दहा मिनिटांनी गाडीचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

इंजिन जागच्या जागी दहा मिनिटं चालवलं तर पुरतं तापत नाही. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं, ते वाफ होऊन बाहेर पडायच्या आत आपण किल्ली फिरवतो. ते पाणी तेलात उतरतं, सायलेन्सरमध्ये साचतं. तेल आंबतं, सायलेन्सर आतून गंजतो. गिअरबॉक्स, हब बेअरिंग, ब्रेक यांना त्या दहा मिनिटांचा काहीच लाभ नाही, ती तर एकाच जागी उभी. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर रस्त्यावर फिरवली असती तर गाडी सुखी राहिली असती. पण त्यांना गाडी चालवता येत नव्हती. हे त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही. सांगून त्या चारशे रविवारांचं काय झालं असतं?

इंजिन निवेपर्यंत आम्ही थांबलो. त्या वेळात त्यांनी फाईल आणून दिली आणि माझा आवाज आपोआप खाली आला. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती तारखेने लावलेली. कारखान्यात शिफ्टचं लॉगबुक असतं, कुठलं बेअरिंग कधी बदललं, कोणी बदललं, सगळं त्यात असतं. मशिनकडे जायच्या आधी आम्ही लॉगबुक उघडायचो. जुनी गाडी घेणाऱ्यांपैकी फार थोडे असं करतात. ते आधी रंग पाहतात, मग आवाज, मग मीटर. मीटर मागे फिरवता येतं. दहा वर्षांच्या पावत्या एका रात्रीत रचणं अवघड असतं. पण या फाईलमधल्या पावत्या २०१६ला थांबत होत्या, आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची शेवटची पावती २०१३ची होती.

या बेल्टपाशी मला थांबावं लागतं, कारण माझी एक चूक तिथे आहे.

सहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाला मी एक गाडी 'घे' म्हणून सांगितली. सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, चपळ, आवाज एकदम साफ. सळई लावून ऐकलं, बेअरिंग सगळी सळसळत होती. धूर नाही, तेल नाही. बेल्ट कधी बदलला हे मी विचारलं, विकणारा म्हणाला मागच्या वर्षीच, आणि मी पावती मागितली नाही. तीन आठवड्यांनी तो मुलगा दल्ली-राजहराकडे निघाला होता. बालोदच्या अलीकडे, चढ नाही, वळण नाही, गाडी जागेवर बंद पडली. बेल्ट तुटला होता. अशा इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत पाळीपाळीने येतात, त्यांची पाळी बेल्ट सांभाळतो. तो गेला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. हेड उघडलं तर व्हॉल्व्ह वाकलेले. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीपुढे गेला. मुलगा मला एका शब्दाने बोलला नाही, याचा त्रास अजून होतो.

मी चौतीस वर्षं बोलणाऱ्या भागांची भाषा शिकलो होतो. बेअरिंग बोलतं, गिअर बोलतो, पंप बोलतो. रबर बोलत नाही. बेल्ट तुटायच्या आदल्या क्षणापर्यंत तसाच फिरत असतो. तो किलोमीटरने झिजतो तसा वर्षांनीही सुकतो, आणि ज्याचं मरण कानाने कळत नाही त्याचं आयुष्य फक्त तारखेने मोजता येतं. कारखान्यात हे आम्ही पाळत होतो. काही भाग आवाज ऐकून बदलायचे, काही तारीख आली की मुकाट्याने बदलायचे, चांगले दिसत असले तरी. गाडीपुढे उभा राहिलो तेव्हा हे मला कसं आठवलं नाही?

मोठमोठ्या नावांच्या गाड्यांतही असे न बोलणारे भाग असतात. १९९७ नंतरच्या काही वर्षांतल्या पोर्शे बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांच्या इंजिनाच्या पोटात मधल्या शाफ्टचं एक सीलबंद बेअरिंग होतं. ते फुटलं तर सगळं इंजिन जायचं, आणि बाहेरून ते दिसण्याची सोय नव्हती. अमेरिकेत मालक कोर्टात गेले, तडजोड झाली. आज जगभर त्या गाड्या घेणारे पहिला प्रश्न विचारतात तो या बेअरिंगचा, आणि उत्तर म्हणून पावती मागतात. बेअरिंग बोलतं म्हणालो खरं, पण इतकं आत गाडलेलं बेअरिंग बोललं तरी ऐकणार कोण.

नागपुरात इंजिन निवलं. तेलाच्या झाकणाखाली पिवळट पांढरा फेस होता. तो पाहून मुलगा घाबरला, कोणीतरी त्याला सांगितलं होतं की असा फेस म्हणजे हेड गॅस्केट गेलं. दरवेळी तसं नसतं. मी तेलाची काडी काढली, तिच्यावर फेस नव्हता. रेडिएटरच्या टाकीत तेलाचा तवंग नव्हता, इंजिन चालू केल्यावर बुडबुडे आले नाहीत. फेस फक्त झाकणाला, म्हणजे ती त्या रविवारांची वाफ. गॅस्केट गेलं असतं तर पाणी घटलं असतं, पांढरा धूर थांबला नसता. मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशन पाहिलं: १७०, १६५, १६८, १६५. आकडा किती मोठा यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत हे पाहायचं. ही चौघं सख्खी भावंडं होती.

टर्बोची मला जास्त धास्ती होती. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ पडद्यावर. जोरात पळवून आणलेली गाडी पहिला मालक लगेच बंद करत असेल तर तापलेल्या टर्बोत तेल जळून कोळसा होतं आणि पडदा फाटतो. हवेचा पाइप काढून बोटांनी शाफ्ट हलवून पाहिला. आजूबाजूला किंचित हलला, तेवढं चालतं. आत-बाहेर हलला नाही. पंख्याच्या पात्यांची कडा शाबूत होती. मी मान वर करून त्या वडिलांना विचारलं, "मुलगा गाडी कशी चालवायचा?" ते म्हणाले, "आला की लगेच उतरायचा नाही. दोन मिनिटं गाडी चालू ठेवून आत बसून राहायचा. मी म्हणायचो पेट्रोल जाळतोस काय." त्या मुलाला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या दोन मिनिटांमुळे तो मला आपला माणूस वाटला.

बाकी सगळं वयाने खाल्लेलं. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण कडेला चार आकडे होते, १८१४. म्हणजे २०१४ सालचा अठरावा आठवडा. टायरची जन्मतारीख तिथे लिहिलेली असते, आणि दहा वर्षांचं टायर महामार्गावर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. ब्रेक ऑइल काळं, ते हवेतलं पाणी पीत असतं, दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. पाण्याचे पाइप दाबले तर लाकडासारखे. लोअर आर्मचे बुश तडकलेले. डिक्कीत स्टेपनीच्या खोबणीत पाणी साचून गंज. डॅशबोर्डच्या मागे उंदरांनी वायर कुरतडलेल्या, त्यावर कोणीतरी चिकटपट्टी गुंडाळलेली. पेट्रोलची नळीही बदलायला हवी होती. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि २००४च्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं.

गंजाबद्दल मात्र नागपूरचे आभार मानायला हवेत. मुंबई-गोव्याच्या गाड्यांना समुद्राची हवा खाते. माझे एक नातेवाईक मडगावला असतात, त्यांनी एकदा फोनवर सॅन स्टॉर्मबद्दल विचारलं होतं. आपल्याकडे बनलेली ती दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी गाडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, अंग फायबरग्लासचं. पुटी शोधायला मी कापडात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवतो, तो या गाडीवर मुळात चिकटणारच नाही. त्यांना म्हटलं, चुंबक घरी ठेवा, बिजागऱ्यांजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आहेत का पाहा, आणि मग जमिनीवर आडवे होऊन खालचा लोखंडी सांगाडा पाहा, कारण वरचं अंग गंजत नाही म्हणून खालचा गंज कोणी पाहत नाही. गाडी पाहायला जाताना जुने कपडे घालून जावं.

दिल्लीच्या गाड्या हा वेगळाच विषय झाला आहे. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०१४-१५ला हरित न्यायाधिकरणाची आणि २०१८ला सर्वोच्च न्यायालयाची, तेव्हापासून त्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. गाडी चांगली असू शकते. पण तिथल्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, कर्ज फिटल्याचा कागद असावा, आणि पंधरा वर्षं उलटली असतील तर नव्याने नोंदणी करावी लागते, २०२२मध्ये त्याचंच शुल्क पाच हजार झालं, इथला रोड टॅक्स वेगळा. पुरात बुडालेली गाडी ओळखायला मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहतो. गालिचा बदलता येतो, सीट धुता येतं, पण बेल्टच्या आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कितीतरी वर्षं मुंबईच्या गाड्यांच्या बेल्टमध्ये लोक ती रेघ शोधत होते.

नागपुरात दुपारी दोनला मी मुलाला बाजूला घेतलं. "घ्यायची असेल तर घे. इंजिन उत्तम आहे. पण किल्ली फिरवायची नाही. ट्रकवर घालून न्यायची, आणि बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, सगळे पाइप, चारही टायर बदलल्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही." त्याचं तोंड एवढंसं झालं. स्वतः चालवत, खिडक्या उघड्या टाकून मरोद्यापर्यंत येण्याचं स्वप्न त्याने मनात कितीदा पाहिलं असेल. मला बालोदचा रस्ता दिसत होता. मी ऐकलं नाही.

त्या गृहस्थांनी सांगितलेल्या किमतीतून त्याने टायरचे पैसे कमी करून मागितले. त्यांनी दिले. निघताना फाईल त्याच्या हातात ठेवून म्हणाले, "पुढच्या पावत्या यातच लावशील ना?"

काम साडेतीन महिने चाललं. वॉटर पंप पुण्याहून आला, एक सेन्सर दोनदा चुकीचा आला, बुश नागपूरच्याच एका जुन्या दुकानात सापडले. बेल्ट काढला तेव्हा तो मी उलटा वाकवून पाहिला, आतल्या बाजूला दातांच्या मुळाशी बारीक चिरा होत्या, नखाएवढ्या. तो अजून किती चालला असता, शंभर किलोमीटर की पाच हजार, हे कोणीच सांगू शकलं नसतं. मुलाने तो तुकडा मागून घेतला आणि फाईलमध्ये पावतीला टाचून ठेवला.

त्या काळात दर रविवारी सकाळी नागपूरहून फोन यायचा. पूजा झाली असावी. काय झालं, कुठवर आलं, एवढंच विचारायचे. डिसेंबरच्या एका रविवारी पहाटे मुलगा माझ्याकडे आला, गाडी रात्रभर बाहेर थंडीत उभी होती. मरोदा टँकवर धुकं होतं. या वेळी फोन आम्ही लावला. मुलाने फोनचा स्पीकर सुरू केला आणि तो बोनेटवर ठेवू लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि आधी माझा तळहात पत्र्यावर ठेवला. बर्फासारखा गार होता.

"काका, ऐका आता," मी फोनमध्ये म्हणालो, आणि मुलाने किल्ली फिरवली.